बीबी बदलला तरी चढावर टक् टक् येतेच, आता काय बदलू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, अडीच वर्षं जुनी रोडबाईक. पावसाळा संपल्यापासून बोपदेव किंवा सिंहगड चढताना उजवा पाय दाबला की 'टक्', सपाटीला जवळजवळ नाहीच. दुकानात दाखवली, त्यांनी बीबी गेलाय म्हणून बदलला (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्यावर फिरतात ती फ्रेमच्या तळाची बेअरिंग; आट्यांचा साधा बीबी आहे, दाबून बसवायचा प्रेसफिट नाही), दोन राईड शांतता, तिसऱ्या राईडला परत तेच. आता ते म्हणतायत क्रँकसेट (पेडलचे दांडे आणि पुढच्या दातेरी चकत्या) बदला. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की सायकल परत आली तेव्हा सीट थोडी खाली होती, ती तुम्हीच वर करून घेतली.

क्रँकसेट बदलू नका. निदान या आठवड्यात तरी नाही. ते सीटचं वाक्य तुम्ही असंच लिहून टाकलंय पण माझ्या मते अख्ख्या प्रश्नात तेच सगळ्यात कामाचं आहे, त्याकडे येतोच.

मी गेली सोळा-सतरा वर्षं हे करतोय, आधी स्वतःच्या सायकलची कुरकुर शोधायला म्हणून शिकलो, मग मित्रांच्या, आता घराखालच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार दुसऱ्यांच्या सायकली असतात. आणि इतक्या वर्षांनी एवढं नक्की सांगू शकतो की आवाज कुठून येतोय हे कानाने ओळखता येत नाही. मलाही नाही. तंबोऱ्याची तार वर छेडतो आणि घुमतो खाली भोपळा, तसंच आहे. फ्रेमच्या नळ्या आतून पोकळ, पातळ, आणि सगळ्या येऊन मिळतात बीबीपाशी, त्यामुळे सीटखाली झालेली टक् असो नाहीतर हँडलच्या स्टेममधली, वर बसलेल्या माणसाला ती पायाखालूनच आल्यासारखी वाटते. म्हणून बिचाऱ्या बीबीवर सगळ्यांचा आळ. माझ्याकडे 'बीबी गेलाय' म्हणून आलेल्या बऱ्याच सायकलींचा बीबी हाताने फिरवला तर लोण्यासारखा फिरत होता.

करकर होते कशी तेही सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. दोन धातूचे पृष्ठभाग एकमेकांवर दाबून बसवलेत, मधलं ग्रीस सुकलंय किंवा धुऊन गेलंय, बारीक माती शिरलीय. तुम्ही जोर लावला की फ्रेम केसाएवढी वाकते, ते दोन पृष्ठभाग चिकटून राहतात, राहतात, आणि मग एकदम सटकतात. ती सटकण्याची टक्. सपाटीला तेवढा जोर लागत नाही म्हणून आवाज नाही. म्हणजे नव्वद टक्के वेळा पार्ट खराब झालेला नसतोच, तो उघडायचा, पुसायचा, ग्रीस लावायचं आणि बरोबर आवळायचा एवढंच काम असतं. आणि आवळायचा म्हणजे जीव खाऊन आवळायचा नाही, त्याने एकतर आटे जातात नाहीतर कार्बन चिरडतो.

आता ताल. कान जागा सांगत नाही पण ताल बरोबर सांगतो, आवाज किती वेळाने येतो ते मोजा. क्रँकच्या एका फेरीला बरोबर एकदा, आणि तेही उजव्याच पायाला, तर पेडल, क्लीट (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी), क्रँक, चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चकतीचे) बोल्ट, बीबी, आणि हो, सीट आणि सीटपोस्टसुद्धा (सीटखालची दांडी), कारण तुम्ही बसल्या बसल्या प्रत्येक दाबाला किंचित डोलता. चाकाच्या फेरीला एकदा असेल तर चाक. पण चढावर इथेच फसायला होतं बघा. ३४ दातांच्या चेनरिंगवर मागे २८ दातांची चकती असेल तर क्रँकच्या पाच फेऱ्यांत चाकाच्या सहा होतात, म्हणजे दोन्ही ताल जवळजवळ सारखेच वाटतात आणि आपण छातीठोकपणे सांगतो की पायडलला येतोय. त्यामुळे स्पीड तोच ठेवून एकदोन गिअर बदला. आवाज पायाबरोबर कमीजास्त झाला तर क्रँककडची बाजू, पाय हळू झाले तरी आवाज आपल्याच तालात चालू राहिला तर चाक. आणि तिसराच एक ताल असतो तो चेनचा. चेनमध्ये साधारण १०८ कड्या, म्हणजे ३४ वर चेनची पूर्ण फेरी व्हायला क्रँकच्या तीनेक फेऱ्या, ५० वर दोनेक. दोन फेऱ्या गप्प आणि तिसरीला टक् असं होत असेल तर एखादी कडी आखडलीय किंवा जोडकडी नीट बसली नाहीये, बाकी काही उघडायची गरजच नाही.

मग पायडल मारणं थांबवा. उतारावर नुसती सोडली तरी आवाज येतोय का? येत असेल तर चाकं, डिस्क, हेडसेट (हँडल ज्यात फिरतं ती बेअरिंग), बाटलीचा पिंजरा, सॅडल बॅगेतला पाना वगैरे. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग जो तुम्ही केलाय की नाही ते लिहिलंच नाहीये: त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, उभं राहून मारा. सीटवरून वजन उठलं की आवाज बंद? मग सीटपोस्ट, सीटपोस्टचा क्लँप, सीटच्या खालचे रेल. उलट उभं राहिल्यावर वाढला? मग या गोष्टी बघायच्या: हँडल, स्टेम, हेडसेट, चाकाच्या तारा, मागचं स्क्यूअर (चाक फ्रेमला आवळून धरणारी दांडी), कारण उभं राहून आपण सायकल डावी-उजवी हलवतो. दोन्हीत सारखाच? पेडल आणि क्रँक. हा प्रयोग फुकट आहे, दोन मिनिटांचा आहे, आणि दुकानात स्टँडवर होत नाही कारण तिथे सायकलवर माणूसच नसतो, हाताने क्रँक फिरवून चढावरचा जोर कुठून येणार. त्यात दुकानदाराची लबाडी असतेच असं नाही. त्यांना आवाज ऐकूच येत नाही आणि गिऱ्हाईक सांगतं खालून येतोय, मग ते खालचं बदलतात.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. पहिल्या ३०० किमीच्या बीआरएमच्या आधी (म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राईड, ३०० ला वीस तासांची मर्यादा असते) माझ्या सायकलला अशीच करकर लागली. मी तीन आठवडे बीबी उघडला, परत बसवला, पेडल बदलून बघितले, चेनरिंगचे बोल्ट काढून ग्रीस लावलं, रात्री अकराला पार्किंगमध्ये टॉर्च तोंडात धरून बसायचो, बायको वरून बघून जायची आणि काही न बोलता परत जायची. शेवटी मित्राचं मागचं चाक लावून बघितलं तर एकदम शांत. म्हटलं चला, हब (चाकाचा मधला भाग) गेला. मग सुचलं म्हणून माझंच चाक लावलं आणि फक्त स्क्यूअर त्याचं लावलं. तरी शांत! सगळा तमाशा क्विक रिलीजच्या त्या दांडीचा, तिचं तोंड फ्रेमला जिथे टेकतं तिथे सुकं पडलेलं. पुसलं, बोटाच्या टोकावर येईल एवढं ग्रीस लावलं, संपलं. ते तीन आठवडे वाया गेले कारण मी प्रत्येक वेळी एका दमात तीन-चार गोष्टी उघडत होतो आणि मग काय केल्याने काय झालं काहीच कळत नव्हतं.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट. ती केली की त्याच चढावर जाऊन यायचं. कंटाळवाणं आहे पण दुसरा रस्ता नाही. आणि मित्राकडून पार्ट दोन दिवस उसना आणणं हे विकत घेण्यापेक्षा केव्हाही बरं, पेडल, चाक, सीटपोस्ट (जाडी तीच असेल तर), सगळं उसनं मिळतं. कोणाकडे मागचं चाक काढून लावायचा डायरेक्ट ड्राईव्ह ट्रेनर असेल तर त्यावर लावून चांगला जोर काढा: तिथे आवाज गायब झाला तर चाक, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच), स्क्यूअर यांच्यावर संशय, आणि तिथेही आलाच तर ही तिन्ही सुटली. ट्रेनरवर आणखी एक सोय म्हणजे तुम्ही मारत असताना दुसऱ्याने सीटपोस्टला, स्टेमला, फ्रेमच्या नळीला बोट लावून बघायचं, टक् बोटाला जाणवते, कानापेक्षा बोट खरं बोलतं. फिरत्या चेनजवळ आणि चाकाजवळ बोट न्यायचं नाही हे सांगायला नको.

आता तुमच्या सीटबद्दल. दुकानात सायकल स्टँडला लावतात तेव्हा पकड बहुतेक सीटपोस्टला असते, त्यासाठी सीटपोस्ट वर ओढतात, काम झालं की अंदाजाने परत खाली घालतात. म्हणून तुमची सीट खाली आली. मग तुम्ही ती वर केली. म्हणजे बीबी बदलला त्याच दिवशी सीटपोस्ट दोनदा हलली, दोनदा नव्याने आवळली गेली. आणि दोन राईड शांतता. हे बीबीचं श्रेय की सीटपोस्टचं? मला विचाराल तर मी पैज सीटपोस्टवर लावेन, कारण नवा बीबी दोन राईडमध्ये बिघडत नाही, पण न पुसता नुसती हलवलेली सीटपोस्ट दोन-तीन दिवस गप्प राहून परत सुरू होते हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

शिवाय पावसाळा. सीटट्यूबला (सीटपोस्ट ज्यात जाते ती फ्रेमची नळी) क्लँपपाशी मागच्या बाजूला एक उभी चीर असते, बरोबर मागच्या चाकाच्या वर, आणि मडगार्ड नसलेल्या रोडबाईकचं मागचं चाक पावसात सगळा चिखल थेट त्या चिरीवर मारतं. मागच्या वर्षी एकाची सीटपोस्ट काढली, आधी हलेचना, मग पिळून पिळून निघाली, तर खालच्या चार-पाच इंचाला चहाच्या गाळासारखा लाल-तपकिरी थर, त्यात वाळू, आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पावडर धरलेली. सायकल उलटी केली तर आतून जवळजवळ अर्धा कप पाणी आलं गॅरेजच्या फरशीवर, घाण वास. त्याचा आवाजही 'बीबीतून'च येत होता.

तर करायचं असं. सीटपोस्टवर सध्याच्या उंचीला टेप लावून खूण करा. क्लँपचा बोल्ट सैल करा, पोस्ट पूर्ण बाहेर काढा. (निघत नसेल तर हातोडा घेऊ नका, आत झिरपणारं तेल रात्रभर सोडा.) सायकल उलटी करून पाणी निथळू द्या. जुन्या बनियनचं फडकं लांब स्क्रूड्रायव्हरला गुंडाळून सीटट्यूब आतून पुसा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. क्लँपची रिंगही काढून तिची आतली बाजू आणि बोल्टचे आटे पुसा, ही रिंग लोक विसरतात आणि निम्म्या वेळा तीच करकरत असते. मग पोस्ट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ग्रीसचा पातळ थर. कार्बनची असेल तर ग्रीस अजिबात नाही, कार्बन असेंब्ली पेस्ट लावायची, ती बारीक रवाळ असते आणि कमी आवळूनही पोस्ट धरून ठेवते. क्लँपवर किंवा पोस्टवर टॉर्क लिहिलेला असतो, बहुतेक पाच-सहा न्यूटन मीटर. टॉर्क रेंच नसेल तर लहान अ‍ॅलन कीची आखूड बाजू हातात धरून नुसत्या बोटांनी आवळा, मनगटाचा जोर नको. त्यानंतर राईड. आवाज गेला तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी सीटचे रेल ज्या क्लँपमध्ये धरलेत तो सोडवून पुसा, तिथेही वाळू असतेच.

यानेही नाही गेला तर पुढचा नंबर पेडलचा, कारण तुमचा आवाज उजव्याच पायाला आहे. पेडल काढा, आटे पुसा, ग्रीस लावा, नीट घट्ट करा, पेडलला ३५-४० न्यूटन मीटर लागतात म्हणजे बऱ्यापैकी जोर. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, लक्षात ठेवायची सोपी युक्ती अशी की पाना वरच्या दिशेला उभा धरून सायकलच्या पुढे ढकलला की दोन्ही पेडल घट्ट होतात, मागे ओढला की सुटतात. क्लीट झिजलेत का बघा, त्यांचे स्क्रू सैल आहेत का बघा. एकदा साध्या बुटांनी चढाव मारून बघा, आवाज गेला तर क्लीट किंवा बूट. हसू नका, माझ्याकडे एक जण चार महिने फिरत होता, मी त्याची सायकल चालवली की आवाज नाही, त्याने चालवली की आवाज. शेवटी मी त्याच्या बाजूने स्कूटरवरून गेलो आणि बघितलं, उजव्या बुटाच्या पट्ट्याचं लांब राहिलेलं टोक प्रत्येक फेरीला क्रँकला लागत होतं. कात्रीने एक सेंटिमीटर कापलं. त्याचे पैसे काय घेणार!

त्यानंतर चेनरिंगचे बोल्ट, मग मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाचा, फ्रेमला जोडणारा हँगर (दोन बारके स्क्रू काढून हँगर आणि फ्रेमच्या मधली माती पुसायची, अगदी न सुचणारी जागा आहे ही), स्क्यूअर, कॅसेटची लॉकरिंग, तिला चाळीस न्यूटन मीटर लागतात आणि अनेकदा ती त्याच्या निम्म्यावर असते. चाकाच्या तारा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे एकेक थेंब तेल, पण डिस्क ब्रेक असतील तर रोटरवर उडू देऊ नका नाहीतर नवीनच किंचाळी सुरू होईल. बीबी सगळ्यात शेवटी. तो तर बदललाच आहे, फक्त बसवताना फ्रेममधले आटे पुसून ग्रीस लावलं होतं का एवढं दुकानात विचारा, सुका बसवलेला नवा बीबीही करकरतो. स्वतः उघडणार असाल तर चेनच्या बाजूच्या कपचे आटे उलटे असतात, तिथे हमखास लोक उलटा जोर लावून वाट लावतात.

एक मात्र गंभीरपणे. काही आवाज ग्रीसचे नसतात, तडा जात असल्याचे असतात, म्हणून यातलं काहीही करण्याआधी फडक्याने सायकल पुसून घ्या आणि उजेडात बघा: बीबीभोवतीचे जोड, चेनस्टे (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या), सीटट्यूबचं वरचं टोक, हेडट्यूबखाली (हँडलखालची आखूड नळी), आणि क्रँक. रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि नखाला लागली तर चालवायची नाही, बस. क्रँकचं म्हणाल तर शिमानोने सप्टेंबर २०२३ मध्ये ११ स्पीडच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एसच्या काही क्रँक तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या, जुलै २०१९ च्या आधी बनलेल्या, कारण त्या दोन भाग चिकटवून केलेल्या असतात आणि काहींमध्ये ते भाग सुटत होते. तुमची सायकल अडीच वर्षांची आहे म्हणजे त्यात बसायची शक्यता फार कमी, पण क्रँक सेकंडहँड लावलेली असेल तर तिच्या आतल्या बाजूचा मॉडेल नंबर आणि अक्षरांचा कोड बघून खात्री करून घ्या. क्रँकसेट ताबडतोब बदलायला मी एवढं एकच कारण मानेन.

आणि हँडल. आपल्याकडचा घाम, त्यात घरात ट्रेनरवर मारत असाल तर बघायलाच नको, बार टेपच्या खाली अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतो. उभं राहिल्यावर पुढून करकर येत असेल तर टेप काढून बघायचा आळस करू नका, हँडल मोडलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

सीटपोस्ट पुन्हा बसवल्यावर जुन्या ट्यूबचा तीन इंचाचा तुकडा कापून क्लँपवर ओढून ठेवा, त्यासाठी पोस्ट परत काढावी लागते म्हणून आधीच ओवून घ्या, मी दर वेळी विसरतो. दिसायला गावठी दिसतं पण पुढच्या पावसाळ्यात आत पाणी जाणार नाही. उभं राहून काय झालं ते मात्र नक्की कळवा. आणि दुकानातून तुमचा जुना बीबी मागून घ्या, टाकला नसेल तर. हाताने फिरवून बघा, मला वाटतं तो चांगलाच निघेल.